शाळेच्या कमानीवर 'स्थापना 1866' : खरं कसं ठरवायचं? आणि सक्तीचं शिक्षण गावात नक्की कधी पोचलं?

कडेपठार

गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या स्मरणिकेचं काम चालू आहे. गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं. कमानीवर 'स्थापना 1866' रंगवलंय, पण त्याला आधार काय ते कुणालाच सांगता येत नाही. कपाटात पाच जनरल रजिस्टरं (मुलं दाखल झाल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदी) आणि दोन शेरेबुकं (तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरे) आहेत. सर्वांत जुन्या रजिस्टरात बराच भाग मोडीत आहे.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

1. 1866 हे साल तपासायचं कसं?

2. फुल्यांनी सक्तीचं शिक्षण मागितलं 1882 साली आणि ते हक्क म्हणून मिळालं 2010 साली. मधल्या सव्वाशे वर्षांत आमच्यासारख्या खेड्याला कुठला कायदा लागू होता? 1918 च्या कायद्याने सक्ती आली असं एका पुस्तिकेत वाचलं, ते बरोबर आहे का?

3. मुली आणि दलित मुलं शाळेत कधी आली आणि किती टिकली, हे रजिस्टरावरून काढता येतं का?

'ज्ञानगंगा दारी आली' छापाचा लेख नको आहे. आकडे आणि कारणं हवी आहेत.

---

साराबंदी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. शाळेचं वय काढताना आधी पैसा कुठून आला ते बघायचं.

मुंबई इलाख्यात 1863-64 पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा उपकर बसला. त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि दोन तृतीयांश रस्त्यांना. 1869 च्या लोकल फंड कायद्याने त्याला कायद्याचा आधार मिळाला. म्हणजे 1866 हे साल अशक्य मुळीच नाही. उपकर सुरू झाल्यावर लगेचच्या वर्षांतलं ते साल आहे आणि खेड्यांतल्या शाळा खऱ्या अर्थाने वाढल्या त्या याच पैशावर.

आता हिशोब बघा. ज्या गावाचा सारा 100 रुपये, तिथून उपकर 100 आणे, म्हणजे 6 रुपये 4 आणे. शाळेचा हिस्सा 2 रुपये 1 आणा 4 पै. महिना 10 रुपयांवर मास्तर ठेवायचा तर वर्षाला 120 रुपये लागतात आणि तेवढे नुसत्या उपकरातून उभे करायला 5,760 रुपये साऱ्याचा मुलूख हवा. एका मध्यम गावाला ते झेपणारं नव्हतं. सरकारी रक्कम आणि मुलांची फी धरूनही पाच-सहा गावांनी उपकर भरायचा आणि शाळा त्यातल्या एका गावाला मिळायची, असा प्रकार सर्रास होता. तुमच्या गावाला 1866 मध्ये शाळा मिळाली असेल, तर भोवतालच्या ज्या वाड्यांनी आणि गावांनी तिच्यासाठी पैसे भरले आणि ज्यांच्याकडे शाळा पुढे कित्येक वर्षं आली नाही, त्यांची नावं स्मरणिकेत यायला हवीत असं मला फार वाटतं.

कागद तपासताना शिक्का आणि मथळा बघा. शाळेची मालकी पुढीलप्रमाणे बदलत गेली: आधी 'लोकल फंड', 1884 च्या कायद्यानंतर 'लोकल बोर्ड', 1923 च्या कायद्यानंतर 'डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्ड' आणि 1 मे 1962 पासून 'जिल्हा परिषद'. रजिस्टराच्या पानावर साल नसेल तरी शिक्क्यावरून काळ बांधता येतो. पण वहीच्या पुठ्ठ्यावरचा छापील मथळा हा पुरावा धरू नका. जुन्या छापील वह्या शिल्लक असत आणि पुढची कैक वर्षं वापरल्या जात. शिक्का शाईचा असेल तरच धरा.

आणखी एक गल्लत नेहमी होते. कमानीवरचं साल तीन वेगवेगळ्या गोष्टींचं असू शकतं: देवळात किंवा वाड्याच्या ओसरीत भरणारी पंतोजींची खाजगी शाळा, सरकारी मंजुरी, किंवा इमारत बांधून झाल्याचं साल. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं, पाढे आणि मोडी वाचन चाले आणि मोबदला बहुधा धान्यात. ती आणि मंजूर शाळा वेगळी. तिन्ही सालं मिळाली तर तिन्ही छापा.

गावाबाहेर शोधायचं तर 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरपासून सुरुवात करा. शिक्षणाचं प्रकरण आहेच, शिवाय गावांच्या वर्णनात शाळेचा उल्लेख सापडतो. त्यानंतर पुणे पुराभिलेखागार आणि मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं अभिलेखागार. तिथे 'शिक्षण खातं' आणि वर्ष सांगून खंड मागायचे. नुसतं गावाचं नाव सांगून काही हाती लागत नाही.

---

निर्गमउतारा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 1918 च्या कायद्याने तुमच्या खेड्यात सक्ती आली, हे चूक आहे. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने झालेला तो कायदा जिल्ह्यांतल्या नगरपालिकांपुरता होता. ब्रिटिश हिंदुस्थानातला सक्तीच्या शिक्षणाचा तो पहिला कायदा म्हणून त्याचं नाव सगळीकडे येतं आणि तिथेच घोळ होतो. खेडी त्यात नव्हती. नगरपालिकेनेही स्वतः ठराव करून योजना आखली तरच सक्ती.

थोडं मागून सांगतो, कारण अडलं कुठे ते कळल्याशिवाय सालं पाठ करून उपयोग नाही.

19 ऑक्टोबर 1882 ला जोतीराव फुल्यांनी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात निदान 12 वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही मागणी आहे. पण त्याआधीचा मुद्दा जास्त धारदार आहे: तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वर साराबंदी यांनी मांडलेला हिशोब त्याच दुखण्याचा आहे. निवेदन इतकं तपशीलवार आहे की ते पूर्ण वाचाच. मास्तरांचा पगार क्वचितच 10 रुपयांवर जातो, तो 12 पेक्षा कमी नको आणि मोठ्या गावी 15-20 असावा. मास्तर शेतकरी वर्गातले घ्यावेत. मोडी आणि बालबोध (म्हणजे देवनागरी) दोन्ही लिपी, हिशोब, शेतीची मूलतत्त्वं आणि आरोग्याचे धडे असावेत. नांगर धरायला न लाजणारा मास्तर त्यांना हवा होता.

आयोगाने सक्ती मान्य केली नाही. इंग्लंडमध्ये मात्र 1880 ला हजेरी सक्तीची झाली होती आणि 1891 ला फी जवळपास सगळीकडे गेली.

मग 16 मार्च 1911 ला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक. आज वाचलं तर ते किती बेताचं होतं हे बघून जीव तुटतो. 6 ते 10 वयाची मुलं, चार वर्षं शिक्षण, मुलींना पुढे यथावकाश. तेही कुठे? जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जात असतील तिथेच. गोखल्यांच्या भाषणात हे प्रमाण 33 टक्के आहे. शिवाय स्थानिक संस्थेने स्वतः मागणी करायची, सरकारची पूर्वपरवानगी घ्यायची, खर्चाचा एक हिस्सा संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने उचलायचे. महिना 10 रुपयांखाली मिळकत असेल त्या पालकाला फी माफ. एवढ्यावरही मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. विरोधात सरकारी सभासद होतेच, आणि शेतावर मजूर मिळणार नाहीत या भीतीने जमीनदारही.

त्याच काळात संस्थानांनी करून दाखवलं होतं. बडोद्याला सयाजीरावांनी 1893 ला अमरेली भागात प्रयोग केला आणि 1906 ला राज्यभर सक्ती आणली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड. तेव्हा 'हिंदुस्थानात हे जमणार नाही' हा युक्तिवाद 1911 मध्येही खरा नव्हता.

तुमच्या गावासाठी महत्त्वाचे दोन कायदे म्हणजे 1923 आणि 1947 चे मुंबई प्राथमिक शिक्षण कायदे. 1923 ने शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे गेल्या आणि बोर्डाने योजना केली तर खेड्यातही सक्ती आणायची वाट मोकळी झाली. पण ती बोर्डाच्या आणि सरकारच्या पैशावर अवलंबून होती आणि 1930 नंतरच्या मंदीत पैसाच आटला. 1947 च्या कायद्यात अधिसूचना काढून भागवार सक्ती लागू करायची पद्धत होती. म्हणून 'आमच्या गावाला कधी' याचं उत्तर कायद्याच्या सालात नाही, अधिसूचनेत आहे. ती सापडली नाही तर रजिस्टरात बघा: एखाद्या जूनमध्ये नेहमीच्या दुप्पट-तिप्पट नावं दाखल झालेली दिसतात आणि त्यात 8-9 वर्षांची पण थेट पहिलीत बसवलेली मुलं बरीच असतात. एखादी वाडी-शाळा बंद पडून मुलं इकडे आली म्हणूनही तशी उसळी येते, तेव्हा 'आधीची शाळा' हा रकाना तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पुढचं थोडक्यात. घटनेच्या कलम 45 ने 14 वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली, म्हणजे 1960. ती हुकली. 1993 ला उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आलं, 2009 ला कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे.

---

टाकबोरू

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. रजिस्टरावरून काढता येतं, पण घाई केली की आकडे साफ चुकतात.

दाखल क्रमांक मोजून 'इतकी मुलं शिकली' असं लिहू नका. सतत गैरहजर राहिलं की नाव कमी करत आणि सुगी संपल्यावर मूल परत आलं की नवा क्रमांक देत. एकाच मुलाचे तीन क्रमांक सापडतात. शेरा रकान्यात 'जुना नं.' लिहिलेला असला तर नशीब, नसला तर नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख जुळवून एक मूल एकदाच धरायचं.

जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. पान उघडलं की 1 जून, 1 जून, 1 जून अशी रांग दिसेल. शाळा जूनमध्ये भरायची, पालकाला तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर अंदाजाने वय धरून 1 जून टाकत. ती जन्मतारीख नव्हे, मास्तरांनी ठरवलेलं वय आहे. जुन्या नोंदीत शक असेल तर 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेरची मिती असेल तर 79.

इयत्तेचा सगळ्यात मोठा सापळा. पहिलीच्या आधी 'बिगारी' किंवा 'इन्फंट' असे आणि त्यात मूल दोन-दोन वर्षं राही. मराठी चौथीनंतर इंग्रजी शाळेत गेलं की पुन्हा एकपासून मोजणी. म्हणजे 'इंग्रजी पहिली' ही आजची पाचवी, 'इंग्रजी पाचवी' ही नववी आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, एकूण अकरा वर्षं. मराठीतच पुढे गेलं तर सातवीला 'व्हर्नाक्युलर फायनल', रजिस्टरात 'व्ह. फा.'. ही परीक्षा पास झालेला माणूस शाळामास्तर किंवा तलाठी होऊ शकत असे. 'शिक्षण फक्त सातवी' असं आज छापलं तर त्या माणसावर अन्याय होतो.

आता टिकाव. 1929 च्या हार्टोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी हिशोब मांडला होता: 1922-23 ला पहिलीत असलेल्या दर 100 मुलांमागे 1925-26 ला चौथीत फक्त 18. तोच हिशोब तुमच्या गावाचा करा. एक शालेय वर्ष निवडा, 1 जून ते 31 मे. त्या वर्षात पहिलीत आलेली सगळी नावं उतरवा. प्रत्येकापुढे शाळा सोडल्याची तारीख, सोडतानाची इयत्ता आणि कारण. तीन वर्षांनी चौथीत किती पोचली ते मोजा. नापास होऊन मागे राहिलेली वेगळी मोजा, कारण ती शाळेत आहेत. 'परगावी गेला' आणि 'मयत' हेही वेगळे. उरलेली ती खरी गळती. मुलगे-मुली दोन स्वतंत्र तक्ते करा आणि निदान तीन वेगवेगळी वर्षं घ्या, उदाहरणार्थ 1925, 1940, 1955 च्या आसपासची. प्लेग किंवा दुष्काळाचं एकच वर्ष हाती लागलं तर चित्र भलतंच दिसेल.

कारणाचा रकाना सावकाश वाचा. 'शेतीकाम', 'गुरे राखणे', 'लग्न', 'गैरहजर'. मुलींच्या बाबतीत 'घरकाम' आणि 'लग्न' कुठल्या इयत्तेनंतर दाटतात ते बघा. त्या एका रकान्यात शंभर भाषणांपेक्षा जास्त माहिती आहे. आणि जुन्या रजिस्टरात मुली दिसत नाहीत म्हणून 'मुली शिकत नव्हत्या' असं लगेच लिहू नका. गावात किंवा शेजारी वेगळी कन्याशाळा असेल आणि ती नंतर मुलांच्या शाळेत विलीन झाली असेल, तर तिचं रजिस्टर वेगळ्या गाठोड्यात पडलेलं असतं.

---

निर्गमउतारा

दलित मुलांबद्दल एक भर. इथे नियम आणि प्रत्यक्ष यातलं अंतर फार मोठं आहे. 1856 ला धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. लंडनहून मात्र सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी आहेत असंच कळवण्यात आलं. म्हणजे तत्त्व तेव्हाच मान्य होतं. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव मंजूर झाला. त्यात पाणवठ्यांसोबत शाळाही होत्या. तत्त्व मान्य असताना साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा ठराव करावा लागतो, यावरून काय ते समजा.

म्हणून रजिस्टरात नाव आहे याचा अर्थ मूल वर्गात बाकीच्यांबरोबर बसत होतं असा होत नाही. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला 1914 क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आहे. रजिस्टरात ती इतरांसारखीच एक ओळ. वर्गात मात्र त्यांना वेगळं गोणपाटावर बसावं लागे आणि तहान लागली तरी पाण्याला हात लावता येत नसे. हे रजिस्टर सांगत नाही. शेरेबुक कधीकधी सांगतं: डेप्युटी (शाळा तपासणारे अधिकारी) तपासणीला आले की बसण्याची व्यवस्था, ओसरी, पाण्याची सोय यावर दोन ओळी लिहीत. तुमच्याकडे दोन शेरेबुकं आहेत म्हणालात, ती रजिस्टराइतकीच जपा.

'अंत्यज शाळा' नावाची वेगळी शाळा गावात होती का, हेही विचारा. कोल्हापूर संस्थानाने अशा वेगळ्या शाळा 1919 ला बंद करून मुलं सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला, पण इलाख्यात त्या पुढेही चालल्या. अशी शाळा विलीन झाली त्या वर्षी दलित मुलांची नावं रजिस्टरात एकदम वाढलेली दिसतात. ती वाढ म्हणजे मुलं त्याच वर्षी पहिल्यांदा शाळेत गेली असं नव्हे.

---

मांजराकाठ

मराठवाड्यातल्या कुणी हा धागा वाचला तर वरचं बरंचसं जसंच्या तसं लागू होणार नाही. 1948 पर्यंत तिथे निजामाचं राज्य होतं आणि शाळेची व्यवस्था वेगळी. शाळांचे प्रकार तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिकचा खालचा टप्पा आणि फोकानिया म्हणजे हायस्कूल. दप्तर उर्दूत आणि साल फसली (महसुली कालगणनेचं). हैदराबादी फसली सनात 590 मिळवायचे. वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होतं, त्यामुळे जानेवारीनंतरच्या नोंदीला 591. उदाहरणार्थ आजूर 1333 म्हणजे ऑक्टोबर 1923. मराठी माणसाने नोंद वाचून घेताना उर्दू जाणकाराला आकडे वेगळे विचारावेत, कारण जुन्या नोंदीत रकमा आणि कधी वयही आकड्यांऐवजी लेखी खुणांत असतं.

नागपूरकडे मध्य प्रांताचा 1920 चा प्राथमिक शिक्षण कायदा आणि 1948 नंतर 'जनपद सभा' असा शिक्का.

---

कडेपठार

सगळ्यांचे मनापासून आभार. शिक्के आज पाहिले: दुसऱ्या रजिस्टरावर 'लोकल बोर्ड' आणि तिसऱ्यावर 'स्कूल बोर्ड' आहे. सर्वांत जुन्याची पानं मात्र कडेला तुटायला लागलीत. लॅमिनेशन करून घ्यावं असं एका सभासदाचं म्हणणं आहे. करावं का?

---

टाकबोरू

अजिबात नको. लॅमिनेशन परत काढता येत नाही आणि उष्णतेने जुना कागद कायमचा खराब होतो. सेलोटेपही नको, चिकट थर पिवळा पडतो आणि सोलताना शाईसकट कागद घेऊन येतो. तुटकी पानं तशीच पातळ कोऱ्या कागदात ठेवा, वही आडवी ठेवा, वर वजन नको.

मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या आणि रजिस्टर शाळेच्या बाहेर नेऊ नका. हा कायम जपायचा अभिलेख आहे. जातपडताळणीसाठी लोकांना याचेच उतारे लागतात. झेरॉक्स काढताना वही उलटी दाबली की शिवण तुटते, म्हणून फोटोच काढा. खिडकीजवळ सावलीत टेबल मांडा, फ्लॅश बंद, मोबाईल वरून सरळ धरा, प्रत्येक फोटोत पान क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. दोन समोरासमोरची पानं एका फोटोत घेऊ नका, रकाने शिवणीत वाकतात. हात कोरडे हवेत आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. बोरूची शाई ओलाव्याने लगेच पसरते.

मोडी भाग वाचून घेताना वाचकाला आधी छापील मथळा असलेलं एक बालबोध पान द्या. रकान्यांचा क्रम कळला की 'मौजे' (गाव), 'बिन' आणि 'वल्द' (अमक्याचा मुलगा) यांच्या जागा नक्की होतात आणि नावं अचूक लागतात. एकाच पानाचं वाचन दोघांकडून वेगवेगळं करून ताडून बघा.

छापताना जातीच्या रकान्यातून फक्त बेरजा घ्या, माणसांची नावं आणि जात एकत्र छापू नका. आणि ज्या शिक्क्यांचं साल लागलंय त्यांचे फोटो पहिल्या पानावरच्या शुभेच्छांऐवजी टाका.